रुसायच्या खोलीत कोण बसलं होतं

गेली तीसेक वर्षं या जिल्ह्यात मी एकाच भाषणावर मिरवलो. पोटापाण्याला नोकरी होती. शहादा तालुक्यातल्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवत असे. पण लोकांनी नारळ आणि शाल दिली ती शिकवण्यासाठी नव्हे, त्या भाषणासाठी. विषय असा की इंग्रजांनी आपल्या घरातल्या खोल्यांना नावं फ्रेंचांकडून उचलली. स्नेहसंमेलनात, शिक्षकांच्या शिबिरात, वाचनालयाच्या वर्धापनदिनाला मी ते दिलं. धानोऱ्याला तर एकदा गणपतीसमोर दिलं, कारण आरतीचा पाहुणा यायला उशीर होत होता.

फ्रेंच मला येत नाही. शाळेच्या कपाटात एक जाडा कोश होता, ज्याचा शेवटचा पाव भाग वाळवीने वाचून संपवला होता. उरलेला मी वाचला. त्यात प्रत्येक शब्दाखाली तो कुठून आला ते बारीक अक्षरात दिलेलं असे. माझी सगळी विद्वत्ता त्या बारीक अक्षरातली. वाळवीने खाल्लेल्या अक्षरांबद्दल मी कधीच भाषण दिलं नाही, हे चाणाक्ष श्रोत्यांच्या लक्षात यायला हवं होतं.

भाषणाची सुरुवात सलूनने व्हायची. फ्रेंचांचं सलून म्हणजे बड्या घरातलं पाहुण्यांचं दालन, जिथे शहाणी माणसं जमून जगाच्या गप्पा मारत. मी म्हणायचो, इंग्रजांना ते नीट जमलं नाही, आपल्याला जमलं. आपल्या स्टँडजवळच्या सलूनमध्ये दिल्लीपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळ्यांची हजामत होते. मग पार्लर. हा शब्द बोलण्यावरून आला. मठातल्या मौनी साधूंना बाहेरच्या माणसाशी बोलायची मुभा जिथे असे, ती खोली म्हणजे पार्लर. माझी सून शहाद्यात ब्यूटी पार्लर चालवते, तिथे मौनाचा कोणताही धोका नाही. हॉटेल म्हणजे फ्रान्सात सरदाराचा वाडा; त्या हिशेबाने आपल्या स्टँडवर भजी तळणारे चार सरदार आहेत. चेंबर हा राजाचा शयनकक्ष होता. आपल्याकडे हेडमास्तरांचं असतं आणि गटारीचं असतं. इथे हेडमास्तर सोडून सगळे हसत. फॉयर म्हणजे मुळात चूल. पाहुणा थंडीतून आला की पहिल्यांदा शेकायला बसे ती जागा. आता मोठ्या हॉटेलात त्या नावाच्या दालनात एसी असतो आणि पाहुणा कुडकुडतो. सातपुड्यातल्या पाड्यांवर आजही माणसं घरात शिरली की चुलीपाशी बसतात, तेव्हा फॉयर या शब्दाचा खरा अर्थ धडगावला विचारावा, असं मी म्हणायचो, आणि टाळ्या घ्यायचो.

आणि मग शेवटी बूदवार. बायकांची खाजगी खोली. मूळ अर्थ रुसून बसायची जागा. मी थोडा थांबायचो. पहिल्या रांगेकडे बघायचो. म्हणायचो, "कैकेयीला कोपभवन होतं, फ्रेंच राणीला बूदवार होतं, आणि आमच्या घरीही एक आहे." मग बायकोची गोष्ट सांगायचो. ती तीन दिवस त्या खोलीत कडी लावून कशी बसली, मी खिडकीतून ताट कसं दिलं, तिने ते कसं परत केलं, आणि शेवटी सुरतेची साडी आणली तेव्हा कडी कशी निघाली. लोक हसून हसून बाकावर कलंडत.

आता हे सगळं वाचनालयाचे लोक पुस्तकरूपाने छापणार आहेत. छापलेलं पुसता येत नाही, म्हणून त्याआधी लिहितो. त्या गोष्टीतली खोली खरी आहे. खिडकी खरी आहे. कडी खरी आहे, आजही जरा अडकते. आत बसलेला माणूस मात्र मी होतो.

खोलीची हकिकत आधी. आम्ही गावात स्लॅबचं घर बांधलं, तेव्हा स्वयंपाकघरामागे एक लहान जागा उरली. मी तिथे धान्याची कोठी करणार होतो. बायको म्हणाली, "ही खोली माले पाहिजे."

"कसाले?"

"बठाले."

"बठीसन काय करशी?"

"काहीच नही. म्हनीसन तं पाहिजे."

नुसतं बसायला खोली हवी, हे मला विचित्र वाटलं, पण मी सुधारक होतो, दिली. दुपारी जेवणं आटोपली की ती आत जायची, दार लावायची, तासाभराने बाहेर यायची. आत काय करते हे मी एकदा खिडकीतून पाहिलं. ती भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. बस. शेजारच्या केळीच्या बागेकडे बघत होती, आणि तेही फार लक्ष देऊन नाही.

आमच्या गावात दिवसा दार लावून बसायला तीनच कारणं असतात. आजार, सुतक किंवा रुसवा. ती आजारी नव्हती, आणि रोज दुपारी कोणी मरत नव्हतं. तेव्हा शेजारणींनी तिसरं कारण धरलं. काहीजणी समजूत काढायला येत, दारावर थाप मारून म्हणत, "जाऊ दे वं, माणसं अशीच ऱ्हातस." ती बाहेर येऊन चहा ठेवायची. तिला हसू यायचं. हे मला माहीत होतं. ती रुसलेली नसते, हे जगात एकट्या मला माहीत होतं, आणि मी ते माझ्यापाशीच ठेवलं.

आता रुसव्याची हकिकत. माझ्या मेहुण्याचं लग्न ब्राह्मणपुरीला होतं. लग्नात जावयांना टॉवेल-टोपी द्यायची पद्धत आहे. मोठा जावई आधी, मग धाकटा. मोठा मी. पण माझा साडू बांधकाम खात्यात लागलेला, जीपमधून आलेला. माईकवाल्याने आधी त्याचं नाव घेतलं. त्याला टोपी, टॉवेल आणि वर शाल. मग माझं नाव. टोपी, टॉवेल. शाल संपली होती. मी पंगतीत हसून जेवलो, लोकांना आग्रहाने जिलेबी वाढली, आणि घरी येताच चपलाही न काढता बायकोच्या खोलीत शिरून कडी लावली.

पहिल्या दिवशी मी पाणी सोडून काही घेतलं नाही. रुसलेल्या माणसाने जेवू नये असा नियमच आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीतून कळण्याची भाकरी आणि भरीत आलं, तेव्हा तो नियम मोडला. तिखट-मिठाबद्दल तक्रार मात्र केली, म्हणजे रुसवा चालू आहे हे स्पष्ट राहावं. बाकीच्या गरजांचं काय, असं कोणी विचारेल, तर संडास अंगणाच्या पलीकडे होता. अंगणात कोणी नसलं की बायको खाकरायची. मी धोतर सावरत पळत जायचो आणि पळत यायचो. पन्नाशीकडे झुकलेला इंग्रजीचा शिक्षक, ज्याला त्या कोशातला प्रत्येक शब्द पाठ होता.

तीन दिवसांत पाच-सहा जण मला भेटायला आले. बायको सगळ्यांना ओट्यावरच थांबवायची. "मास्तर पेपर तपासी ऱ्हायनात. बोर्डाना शेतस. कोनले भेटाले बंदी शे." बोर्डाचं नाव ऐकून माणसं चपला हातात घेऊन परतत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मला कंटाळा आला आणि मी बाहेर आलो. कोणी समजूत काढली नव्हती. साडीचा किंवा शालीचा काहीही संबंध नव्हता. तिने विचारलं, "झाये का?" मी म्हणालो, झालं. तिने आत जाऊन खोली झाडली.

त्याच वर्षी जूनमध्ये शिक्षकांच्या एका मेळाव्यात मी हे भाषण पहिल्यांदा दिलं. बूदवारपाशी आलो तेव्हा सभागृह पेंगत होतं. मला काहीतरी हवं होतं. तोंडातून माझीच गोष्ट निघाली, फक्त 'मी'च्या जागी 'आमच्या सौ.' आलं. हॉल जागा झाला. दुसऱ्या वेळी ताट परत केलं गेलं. चौथ्या-पाचव्या वेळी सुरतेची साडी आली. ती साडी मी कधी घेतलीच नाही. पण गावातल्या बायका ती बघायला घरी यायला लागल्या.

"दखाड ना वं, ती सुरतनी."

"धोबीकडे देल शे," बायको सांगायची. वर्षानुवर्षं ती साडी धोब्याकडे होती.

मी याला गंमत समजत आलो. गमतीची किंमत कोणी चुकवली ते मला हळूहळू कळलं आणि कळूनही मी भाषण चालू ठेवलं. आमच्या घराण्यात लग्न निघालं की एका जाणत्या बाईकडे विहीणबाईंचा मानपान सोपवतात. समोरच्या बायकांना कोणी आधी कुंकू लावायचं, कोणाची ओटी कशाने भरायची, कोणाला गरम पाणी हवं, कोण कोणाशी बोलत नाही, हे सगळं तिने सांभाळायचं. माझ्या बायकोइतकी त्या कामाला योग्य बाई आमच्यात नव्हती. तिला माणूस बघूनच कळतं की याला आता पाणी हवंय की एकांत. पण दर लग्नाला नाव निघालं की कोणीतरी म्हणायचं, "ती मधमाच कडी लावी बठनी तं?" सगळे हसत, आणि काम दुसरीकडे जाई. ती मांडवात मागे बसून लसूण सोलायची. एवढ्या वर्षांत तिने किती लसूण सोलला असेल, त्याचं भाषण मी कुठे दिलं नाही.

महिन्यापूर्वी पुस्तकाची मुद्रितं घरी आली. बायको सातवी शिकली आहे, वाचते सावकाश, ओळीवर बोट ठेवून. दुपारी ती माझ्या भाषणाचा शेवट वाचत होती. मी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरून बसलो होतो.

"खोलीना मझार तीन दिन कोन बठेल व्हतं?" तिने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"ती गंमत व्हती," मी म्हणालो.

"मंग तुमनं नाव टाका. गंमत तितलीच ऱ्हाई."

तीस वर्षं मी लोकांना शब्दांची मुळं सांगत होतो, आणि तिने दोन वाक्यांत माझं मूळ काढून माझ्या हातात दिलं.

वाचनालयाच्या वर्धापनदिनाला मी नेहमीचं भाषण दिलं आणि शेवटी गोष्ट खरी सांगितली. टोपी, टॉवेल, शाल, भरीत, खाकरणं, पळणं, सगळं. बायको बायकांच्या रांगेत शेवटी बसली होती. लोक हसले, नेहमीपेक्षा जास्तच. मला वाटलं, सुटलो. मग आभार मानणारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, "सरांचं मन किती मोठं बघा. बायकोचं नाव वाचवायला रुसवा स्वतःच्या अंगावर घेतला." जोरात टाळ्या पडल्या. शाल मिळाली. म्हणजे खरं बोलूनही बक्षीस मलाच मिळालं आणि ती होती तिथेच राहिली. मी उठून परत माईकपाशी जायला हवं होतं. वय झालंय, गुडघे दुखतात, माईक बंद झाला होता, अशी कारणं आहेत. खरं कारण असं की टाळ्या चालू होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आल्या. माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी, शेजारीच राहतात. ओट्यावर बायको तुरीच्या शेंगा सोलत होती.

"भाऊजी, काल बोलनात ते खरं शे का?"

"खरं शे," मी म्हणालो. "शपथेवर."

"खिडकीमाईन ताट जाताना मी देखेल व्हतं," वहिनी म्हणाल्या. "माले वाटनं, ही मांजरले वाढी ऱ्हायनी."

"मांजरनी कधी मीठ कमी शे म्हनीसन कुरकुर करी नही," बायको शेंगांवरून मान वर न करता म्हणाली.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते. मग त्या गंभीर झाल्या. "इतला वरीस तू बोलनी काबर नही?"

"काय बोलू? मास्तर रुसी बठेल शे, असं? शाळामा पोरं हासतीन. मंग ह्या शिकाडतीन कसं?"

मी तिथेच बसलो होतो. मी तिला लोकांत हसवण्याचा विषय केला, आणि ती लोकांनी मला हसू नये म्हणून गप्प राहिली. मी निवृत्त होऊनही पंधरा-सोळा वर्षं झाली. शाळेचं कारण केव्हाच संपलं होतं. पुढच्या गप्प राहण्याचं कारण तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

वहिनींनी एक शेंग उचलून सोलली. म्हणाल्या, "वैशाखमा मन्ही नातीनं लगीन शे. विहीनबाईना मानपान तू सांभाळ."

बायकोचे हात थांबले. "आते?" ती म्हणाली. "आते गुडघा उभं ऱ्हाऊ देतस नही, अक्का."

बायकोने दाणे सुपात एका बाजूला सारले, टरफलं दुसऱ्या बाजूला. मग म्हणाली, "मांडवमा खुर्ची टाकशात तं सांभाळसू. बाया मन्हापा येतीन. मी उठाव नही."

"टाकू," वहिनी म्हणाल्या. "हातवाली खुर्ची टाकू."

मी वाचनालयाला कळवलं आहे की पुस्तकात भाषण छापू नये, त्याच्या जागी हे छापावं. आभार मानणाऱ्या त्या गृहस्थांना एक प्रत मी स्वतः नेऊन देणार आहे. घरात सध्या याद्या चालू आहेत. विहीणबाईंच्या घरातल्या कोणत्या बाईला मधुमेह आहे, कोणाची सून नाराज आहे, हे बायकोने फोनवरून अर्धंअधिक काढलंही. लग्नातली सगळी कामं वाटून झाली आहेत. माझ्या वाट्याला काय आलं ते अजून कोणी सांगितलेलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत नाही.