पॉलिश केलेलं पातं

"टेस्ट पास झालीये शुभा. पुन्हा कशाला?" माझा मॅनेजर ग्रेग मान वर न करता म्हणाला. "डिझाइनरनं रिक्वेस्ट टाकली तर बघू."

अमेरिकेत, कॅरी गावाजवळच्या आमच्या लॅबमध्ये गॅस टर्बाइनची पाती गरम हवेत तपासतात. हे नवं पातं मंदारचं डिझाइन. मंदार पुण्याचा, व्हिसावर आलेला. त्याचं ग्रीन कार्ड याच नोकरीवर अडकलेलं.

पात्यावरून हवा वाहते तेव्हा पृष्ठभागालगत तिचा एक पातळ थर असतो. तो शांत सरकतो तोवर पांघरुणासारखं काम करतो, उष्णता धातूपर्यंत सावकाश पोचते. पुढे कुठेतरी तो बिथरतो, भोवरे उठतात आणि गरम हवा थेट धातूला भिडते. याला ट्रान्झिशन म्हणतात. मंदारच्या हिशेबानं थर बराच पुढपर्यंत शांत राहणार होता, म्हणून त्यानं पात्यात थंड हवा सोडणारी भोकं कमी ठेवली होती. टेस्टमध्येही तसंच दिसलं. सगळे खूश.

माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळत होता. प्रत्येक रनआधी आमचे टेक्निशियन पातं आरशासारखं पॉलिश करायचे. कुणी सांगितलं नव्हतं, लॅबची सवय. चालू टर्बाइनमध्ये कोण पुसायला बसलंय? प्लांटवरून परत येणारी पाती खरखरीत असतात, आणि खरखरीत पृष्ठभागावर थर लवकर बिथरतो.

मी मंदारला कॅफेटेरियात गाठून हे सांगितलं.

"फेल झालं तर प्रोजेक्ट कॅन्सल होणार, ताई," तो म्हणाला. "आणि मीही. आमच्या सईची शाळा आत्ता कुठे सेट झालीये यार."

"मग तू राहू दे. मी ग्रेगशी भांडते."

त्यानं समोरचा ट्रे बाजूला सरकवला. "चालू मशीनमध्ये पातं तुटलं, तर शेजारी उभ्या माणसाचं काय? टाकतो मी रिक्वेस्ट."

आम्ही पातं खरखरीत करून रन घेतला. थर पुढच्या कडेजवळच बिथरला. जिथे भोकं नव्हती तिथे धातू सोसणार नाही इतका तापला. मंदार स्क्रीनकडे बघत म्हणाला, "बरोबर होतं तुमचं." बरोबर ठरल्याचा इतका संताप मला कधीच आला नव्हता.

प्रोजेक्ट बंद झाला. ले-ऑफमध्ये पहिलं नाव मंदारचं. मी ओळखीच्या सगळ्यांना फोन केले, पण व्हिसा स्पॉन्सर करायला कुणी तयार होईना. नोकरी गेल्यावर देशात राहायची मुदत संपत आली तेव्हा मी त्यांच्याकडे सामान बांधायला गेले. सईनं मला विचारलं, "मावशी, व्हेन आर वी कमिंग बॅक?" तिच्या आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी खोक्याला चिकटपट्टी लावत राहिले.

लॅबमध्ये आता रनआधी पातं पॉलिश करायला बंदी आहे. या नियमाबद्दल हेड ऑफिसनं ग्रेगचं कौतुक केलं. नव्या इंजिनिअरांना मी सांगते, वस्तू जशी वापरली जाणार तशीच तपासा. टेस्ट खरी निघाली म्हणून ती मागणारा वाचतोच असं नाही, हे मात्र त्यांना सांगायचं मला अजून जमलेलं नाही.