झमकू पॅलेस

झमकू लग्न होऊन जैसलमेरच्या किल्ल्यात आली तेव्हा नुकतीच कुठे ओढणी सावरायला शिकली होती. माहेर पोकरणकडच्या खेड्यातलं. पाण्याचे हाल तिथेही होते, पण निदान विहीर सपाटीवर होती. इथे तलाव खाली, घर वर आणि मध्ये चार दरवाज्यांची चढण. पहिल्याच सकाळी सासूने तिला न्हाण्यासाठी खाटेवर बसवलं, खाली पितळी परात सरकवली आणि हातात एक लोटा पाणी दिलं.

"परातीबाहेर थेंब सांडू नकोस. त्यात धोतर धुवायचंय. आणि धोतराचं पाणी फेकू नकोस, सारवायचा गारा कालवायला लागतं."

नवी नवरी रडकुंडीला आली. तेवढ्यात चौकाच्या कठड्यापलीकडून आवाज आला, "रडू नकोस गं बींदणी. डोळ्यातलं पाणीसुद्धा सासू परातीत धरेल तुझी."

ही धापूकाकी. चौथी मुलगी झाली म्हणून आईबापांनी नावच धापू ठेवलेलं, म्हणजे पोट भरलं, आता पुरे. तरुणपणीच विधवा झालेली, पदरात एक मुलगी, पापड आणि मंगोड्या, म्हणजे मुगाचे सांडगे, करून पोट भरायची. तिचं घर एका मजल्याने खाली होतं, त्यामुळे तिची गच्ची झमकूच्या चौकाला लागून होती. दोन्ही घरांमधली भिंत एकच. काकी गच्चीवर पापड वाळत घालायची, झमकू चौकात धान्य निवडायची आणि दोघींची जीभ दिवसभर चालायची. मुलाच्या, शिवरतनच्या, वेळी झमकू अडली तेव्हा सुईण येईपर्यंत तिचे पाय धापूकाकीनेच धरले होते. पुढे झमकूला टायफॉइड झाला तेव्हा तान्हं पोर महिनाभर काकीच्याच कुशीत वाढलं.

झमकूचा नवरा सांगीदास जकात नाक्यावर कारकून होता. भला माणूस, पण भलेपणा चुलीत घालता येत नाही. सासू गेल्यावर घराची सूत्रं झमकूकडे आली, आणि त्याच सुमारास किल्ल्यात गोरे पाहुणे येऊ लागले. कुणाला झरोक्यातून सूर्य उगवताना बघायचा असे, कुणाला उंटावर बसून वाळूत जायचं असे, आणि रात्र मात्र सगळ्यांना किल्ल्याच्या आतच काढायची असे. पुढच्या गल्लीतल्या पुरोहितांनी दोन खोल्या दिल्या आणि वर्षाच्या आत पुरोहिताच्या बायकोच्या दंडावर सोन्याचा बाजूबंद आला. झमकूने तो देवळात पाहिला. घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "आपली वरची खोली रिकामीच आहे ना?"

पहिली पाहुणी आली ती तापाने फणफणलेली एक उंच मुलगी. झमकूने तिला बाजरीची राब, ताकातली पातळ पेज, पाजली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. भाषा कुणाचीच कुणाला कळत नव्हती. बरी झाल्यावर मुलगी झमकूच्या गळ्यात पडून रडली आणि तिच्या देशात जाऊन तिने कुठल्याशा प्रवासाच्या पुस्तकात या घराबद्दल लिहिलं. मग दर हिवाळ्यात ते पुस्तक हातात धरून माणसं दारात उभी राहू लागली. "झमकू? झमकू?" असं विचारत. सांगीदासने दारावर पाटी लावली, 'झमकू पॅलेस'. खोल्या होत्या पाच, त्यातल्या एकीत उभं राहिलं की डोकं छताला लागायचं.

"अगं, राजवाडा तर समोर आहे," धापूकाकी पाटी बघून म्हणाली. "राजाने बघितलं तर म्हणेल, माझाच पत्ता चुकला."

दोघी पोट धरधरून हसल्या. त्यानंतर दोघी एकत्र अशा हसल्या नाहीत.

पाहुण्यांना खोलीपाशी न्हाणीघर हवं होतं, संडासही हवा होता. सांगीदास कचरला. "किल्ला मातीच्या टेकडीवर उभा आहे," तो म्हणाला. "दगडावर दगड ठेवलाय नुसता. आजवर वर पाणीच नव्हतं म्हणून टिकला. इतकं पाणी मुरवलं तर..."

"सगळ्यांनी केली न्हाणीघरं," झमकू म्हणाली. "एवढ्या घरांनी पाणी सोडलं तेव्हा किल्ला उभाच राहिला. आणि आपल्याच न्हाणीघरांनी तो पडणार होय? मोठा भेदभाव करतो तुमचा किल्ला!"

सांगीदास गप्प बसला. तो नेहमीच गप्प बसायचा आणि झमकू त्याला होकार समजायची.

न्हाणीघरं झाली. नळाला पाणी आलं. पहिल्या दिवशी झमकूने नळ सोडला आणि नुसती बघत उभी राहिली. ते कुणी परातीत धरायचं नव्हतं. पाहुणे तास तास न्हायचे. सुरुवातीला तो आवाज ऐकून तिला कुणी दूध ओतून देतंय असं वाटायचं. मग सवय झाली. पुढे पुढे एखाद्या सकाळी आवाज आला नाही तर तिला काळजी वाटे, खोली रिकामी तर नाही?

एका हिवाळ्यात धापूकाकी कठड्याशी आली. हातात पापड होता. "हे बघ. वाळेना."

"ऊन कमी पडलं असेल काकी."

"जैसलमेरात ऊन कमी पडलं? ऊन गच्चीवर लागतं, रात्री आत ठेवले की सकाळी मऊ. झमकू, माझ्या भिंतीला घाम येतोय."

झमकू खाली उतरून बघायला गेली. तिच्या न्हाणीघरांच्या बाजूची भिंत गुडघ्यापर्यंत काळपट झाली होती, लोणा लागून दगडाची साल सुटत होती. एका सांध्यात पिंपळाचं रोप फुटलं होतं. झमकूने हात लावला. भिंत गार होती, लागावी त्यापेक्षा जास्त गार. तिला काय ते कळलं. पण हंगाम ऐन भरात होता आणि न्हाणीघरं उखडायची तर खोल्या बंद ठेवाव्या लागल्या असत्या. तिने सांगीदासला सांगून गवंडी लावला आणि काकीच्या भिंतीवर सिमेंटचा जाड थर चढवून दिला. भिंत कोरडी दिसू लागली. काकीने आशीर्वाद दिले. आत अडकलेलं पाणी आतल्या आत काम करत राहिलं आणि दोन हिवाळ्यांत भिंतीला पोट आलं.

या वेळी धापूकाकी कठड्याशी थांबली नाही. सकाळी पाहुणे गच्चीवर चहा घेत बसले असताना ती जिना चढून वर आली आणि ओंजळभर भुगा झमकूच्या पुढ्यात टाकला. पिवळा दगड, पण चुरमुऱ्यासारखा झालेला.

"हा माझ्या घराचा दगड. बोटाने निघाला. तुमच्या मोऱ्या बंद कर झमकू. मी हात जोडते."

पाहुणे बघू लागले. एकाने कॅमेरा उचलला. तोवर शिवरतन मोठा झाला होता, पाहुण्यांशी फडाफडा बोलायचा. तो आईच्या कानाशी लागला, "हिला खाली ने. लोक घाबरतील."

झमकू काकीला दंडाला धरून जिन्यापाशी घेऊन गेली. खालच्या आवाजात बोलायचं असं ठरवून गेली होती, पण आवाज चढला. "काकी, तुम्हाला मुलगा नाही, म्हणून आमचं चाललेलं बघवत नाही. जळून जळून भिंत फुगलीय तुमची."

धापूकाकीने तिच्याकडे बघितलं. ज्या पोराला तिने महिनाभर कुशीत निजवलं होतं, ते पोर तिथेच उभं होतं, हातात चहाचा ट्रे घेऊन. काकीने ओढणी पुढे ओढली आणि ती एकेक पायरी चाचपत उतरली.

माघातल्या एका दुपारी भिंत पडली. पाऊस नव्हता, वारा नव्हता, आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. झमकू पाहुण्यांसाठी सांगरीच्या शेंगांची भाजी शिजवत होती. आवाज मोठा असा झालाच नाही, धान्याचं पोतं उलटावं तेवढाच. मग धूळ वर आली आणि तिच्या न्हाणीघराचा कोपरा त्या धुळीत हळूच खाली गेला, नळासकट.

धापूकाकी जिवंत निघाली, पण डावा पाय गुडघ्याखाली पिचून गेला होता. गल्लीतल्या माणसांनी तिला खाटेवर घातलं आणि चारही दरवाज्यांतून खाली नेलं. वाटेत दोन्ही बाजूंनी प्रवासी फोटो काढत होते. त्यांना काय माहीत, वाटलं असेल एखादी रीत आहे. झमकू अनवाणी खाटेमागे पळत होती. दवाखान्याच्या दारात काकीने डोळे उघडले, तिला पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली.

पंधरवड्याने सरकारी माणसं चौकशीला आली. भले लोक होते, चहा प्यायले. त्यातल्या एका तरुणाने झमकूलाच विचारलं, "बाई, खरं सांगा. तुमच्याकडचं पाणी त्या भिंतीत मुरत होतं का? कधी तक्रार केली होती त्यांनी?"

सांगीदास जमिनीकडे बघत होता. त्याने तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आत शिवरतन म्हणाला, "माँ, सांग ना साहेबांना."

"नाही साहेब," झमकू म्हणाली. "जुनं घर होतं. वाकलेलंच होतं. काकी कधी काही बोलली नाही."

तरुणाने तिच्याकडे बघितलं आणि तसं लिहून घेतलं. फाटका संसार असलेल्या विधवेच्या बाजूने बोलायला गल्लीतलंही कुणी पुढे आलं नाही. प्रत्येकाच्या घरात कुठे ना कुठे नळ गळत होता.

त्या रात्री सांगीदास जेवला नाही. पुढे तो जेवू लागला, पण घरात बोलणं जवळजवळ सोडलं. सकाळी उठून तलावावर जाई, तिथेच अंघोळ करी, ओलं धोतर खांद्यावर टाकून वर येई. पाहुण्यांना ते फार आवडे. दोन-तीन वर्षांनी एका सकाळी तो तलावाच्या पायरीवर बसला, तो उठलाच नाही.

शिवरतनने काकीच्या मुलीला गाठून तिच्यामार्फत पडकी जागा मातीमोल भावात घेतली. ढिगारा उपसला, लोखंडी खांब रोवले आणि वर जेवणाची गच्ची केली. संध्याकाळी वाळवंटाकडून येणारा उजेड तिथे इतका सुंदर पडतो की लोक आदल्या दिवशी सांगून जागा धरतात. मग त्याने आईला किल्ल्याखालच्या वसाहतीत दोन खोल्यांचं घर घेऊन दिलं.

"तुझ्या खोलीतून सूर्योदय दिसतो, माँ. पाहुणे तीच मागतात. आणि तुलाही तिकडे मोकळी हवा."

"मी याच खोलीत परणून, नवरी होऊन आले, शिवा."

"म्हणून तर जास्त भाव मिळतो," तो हसून म्हणाला. त्याला खरंच विनोद वाटला.

हंगामात तो तिला संध्याकाळी रिक्षाने बोलवून घेई. गच्चीच्या कोपऱ्यात मातीची चूल मांडलेली होती. तिने तिथे बसून पाहुण्यांसमोर बाजरीच्या रोट्या थापायच्या. पहिल्या दिवशी ती आपल्या फिक्या ओढणीत गेली तर शिवरतनच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्या दिवशी त्याने लाल बांधणीची चुंदडी, सवाष्णी घेतात ती, पुढे केली.

"अरे, तुझे बापू गेले. मी ही कशी घेऊ?"

"बाहेरच्यांना कुठे कळतंय? त्यांना रंग लागतो. दोन तासांचा प्रश्न आहे माँ."

तिने ती ओढून घेतली. रोट्या थापल्या. जिथे धापूकाकीचं घर होतं, त्याच्या वर बसून थापल्या. लोकांनी तिचे फोटो काढले, एका बंगाली बाईने प्रेमाने विचारलं, "तुमचे मालक काय करतात?" झमकूने चुलीत फुंकर घातली.

धापूकाकी त्याच वसाहतीत, दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या खोलीत राहते हे झमकूला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जायला दोन वर्षं लागली. गेली तेव्हा काकी दारात बसून लाटत होती, कुबडी भिंतीला टेकवलेली. झमकू समोर जमिनीवर बसली.

"काकी, मी साहेबांशी खोटं बोलले."

"माहीत आहे."

"तुम्ही सांगितलं होतंत मला. मी म्हणाले, कधी काही बोलली नाही."

"अख्ख्या गल्लीला माहीत आहे." काकीने पापड उचलून सुपावर टाकला. "तेव्हा बोलली असतीस तर मला घराचे चार पैसे मिळाले असते. आता कशासाठी आलीस? छातीवरचा धोंडा उतरवायला?"

झमकूला रडू फुटलं.

"इथे नको उतरवूस," धापूकाकी म्हणाली. "माझी एकच खोली आहे. त्यात माझंच सामान मावत नाही. घेऊन जा परत."

तिचा आवाज चढला नव्हता. शेजारणीला बटाट्याचा भाव सांगावा तसा होता. झमकू उठली. काकीने वर बघितलं नाही.

त्या संध्याकाळी रिक्षा आली तेव्हा झमकूने ती परत पाठवली. शिवरतनचा फोन आला, रागावला, मग लाडीगोडी लावू लागला. "माँ, ऐन हंगामात असं करू नकोस." ती म्हणाली, "त्या जागेवर मी आता बसणार नाही." जागेचं काय ते त्याने विचारलं नाही. दोन दिवस त्याचे फोन येत राहिले, तिसऱ्या दिवशी थांबले. तिला वाटलं, पोराला कळलं असेल.

आठवड्याने एकादशीला ती किल्ल्यातल्या लक्ष्मीनाथाच्या दर्शनाला वर गेली. परतताना पाय आपसूक घराकडे वळले. गच्चीवर दिवे लागले होते. चुलीपाशी लाल चुंदडी घेतलेली एक बाई रोट्या थापत होती, वाळवंटातल्या कुठल्या तरी ढाणीवरून, लहानशा वस्तीवरून, रोजावर आणलेली, चेहरा रापलेला, हात सफाईदार. शिवरतन टेबलांमधून फिरत होता. एका म्हाताऱ्या गोऱ्या जोडप्यापाशी तो थांबला आणि कौतुकाने चुलीकडे हात केला. त्याची ती भाषा एवढ्या वर्षांत झमकूला थोडीफार कळू लागली होती.

"ही माझी आई," तो सांगत होता. "या हॉटेलला तिचंच नाव आहे."

ते दोघं उठले आणि त्या बाईसमोर हात जोडून वाकले. बाई ओढणीत तोंड लपवून लाजली. झमकू जिन्याच्या तोंडाशी, अंधारात उभी होती. मागून येणाऱ्या पाहुण्यांनी वाट मागितली तेव्हा ती भिंतीला चिकटली आणि त्यांना वर जाऊ दिलं.