रिदाच्या आईचं तिर्मिस

आमच्या रशीद गावात नाईलच्या काठाला तिर्मिस विकणारे पुष्कळ, पण जिभेवर माल पारखणारी एकच, माझी नणंद सनिय्या. तिला सनिय्या कुणी म्हणत नाही, गावाला ती रिदाची आई. तिर्मिसच्या पिवळ्या चपट्या बिया मुळात कडूजहर. त्या उकडायच्या, पोत्यात बांधून कालव्याच्या वाहत्या पाण्यात सोडायच्या आणि कडूपणा पार उतरला की मीठ लावून विकायच्या. उतरला की नाही, हे ती एक बी चावून सांगते. शेजारच्या गाडीवर मी शेंगदाणे भाजते, त्यामुळे तिची कटकट ऐकायचं भाग्य माझंच.

रिदाला स्तनाचा कर्करोग निघाला आणि या बाईच्या पायाला भिंगरी लागली. आज अलेक्झांड्रियाचं इस्पितळ, उद्या दर्गा, परवा कुणी सांगितलेला हकीम. त्यातच विद्यापीठातली नेरमीन नावाची मुलगी प्रयोगासाठी कच्चं तिर्मिस न्यायला आली. बोलता बोलता म्हणाली, यातल्या एका प्रथिनाने काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखलेली दिसते, पण औषध अजून फार लांब आहे. सनिय्याने पहिलं तेवढं गाठीला बांधलं, दुसरं कालव्यात वाहून गेलं.

"जन्मभर औषध पाण्यात सोडलं गं मी," ती मला म्हणाली.

कडू तेच गुणकारी, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. साखरेच्या आजारावर ते कडू पाणी पिणारे म्हातारे गल्लीत आहेतच. मी म्हटलं, आधी डॉक्टरांना विचार. तर म्हणे, ते हसतील. मग घरीच भांड्यात बिया भिजवून त्यांचं कडू पाणी गाळून ती लेकीला पेल्याने पाजू लागली.

रिदाचं तोंड कोरडं पडलं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, छाती धडधडू लागली. समोर बसलेली आई तिला नीट दिसेना. इस्पितळात डॉक्टर विचारत राहिले, हिने खाल्लं काय? सनिय्या भिंतीकडे बघत बसली. माझं डोकंच फिरलं.

"तू बोल, नाहीतर मी बोलते."

तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं. रिदा वाचली, पण केमोची पाळी लांबली.

ऐकून नेरमीन धावत आली. "खाला, कडूपणा वेगळा, ते विष आहे. प्रथिन वेगळं. ते धुतल्यावरही बीत उरतं."

"गोड झालेल्या बीतही?"

"हो."

"मग ते तर माझी पोर दात आल्यापासून खातेय."

 

त्या दिवसापासून सनिय्या पोती बाहेर काढेना. बी चावायची, थुंकायची, पोतं पुन्हा पाण्यात. स्वतःच्या जिभेवरचा तिचा विश्वासच उडाला. गिऱ्हाइकं गाडी रिकामी बघून माझं डोकं खायची.

काल रिदा स्वतः कालव्याच्या काठावर आली. डोक्याला रुमाल, अंगात त्राण नाही. तिने दोरी ओढून पोतं वर घेतलं, एक बी सोलली आणि तोंडाकडे नेली. सनिय्याने तिचं मनगट घट्ट धरलं. रिदाने दुसऱ्या हाताने बी तोंडात टाकली.

"झालंय, आई," ती चावत म्हणाली. "मीठ आण."