पिशवी कोणी ओतली?

"रक्ताचा कॅन्सर. पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्य. बीपी औषधावर. आणि तू त्याला आयसीयूचा बेड देतेस?"

फोनवर मोठे सर होते. सांगलीच्या ज्या हॉस्पिटलात मी आयसीयू सांभाळते, तिथले आमचे हेड. ते आवाज कधी चढवत नाहीत. राग आला की वाक्यातले शब्द सुटे-सुटे करून बोलतात. त्या सोमवारी फारच सुटे बोलत होते.

"दिलाय, सर," मी म्हटलं. "पेशंट बेडवर आहे."

पेशंट म्हणजे सिदूआबा. म्हसवडकडचे, वय पंचावन्न. चाळीसेक मेंढरं, दोन म्हशी आणि थोडं डाळिंब. त्यांना ल्युकेमिया झाला होता. त्यावर केमो दिली की वाईट पेशी मरतात, पण त्यांच्याबरोबर चांगल्या पांढऱ्या पेशीही जातात. या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. त्या परत यायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर घराला दार नाही. पोटातलाच एखादा जंतू रक्तात शिरतो आणि बघता बघता बीपी कोसळतं. यालाच आम्ही सेप्सिस म्हणतो. आबांना खालच्या वॉर्डात नेमकं तेच झालं होतं.

पूर्वी अशा पेशंटला आयसीयूत घेतच नसत. कॅन्सरचं नाव ऐकलं की वॉर्डातच ठेवा, असा रिवाज. सरांची उमेदीची सगळी वर्षं त्याच काळात गेली, त्यामुळे त्यांना मी दोष देत नाही. पण आता औषधं सुधारलीत, आणि वेळेवर आत घेतलं तर बरेच जण चालत घरी जातात. सगळे नाही जात. कोण जाईल ते दारात उभं राहून सांगता येत नाही, एवढंच. दोन वर्षांपूर्वी अशाच आजाराच्या फलटणच्या एका शिक्षिकेला मीच बेड नाकारला होता, सरांच्याच सांगण्यावरून. त्या वॉर्डात वारल्या. आत घेतलं असतं तर वाचल्या असत्या का, मला माहीत नाही. ते माहीत नसणं मला अजून टोचतं.

म्हणून मी ट्रायल मागितली. ट्रायल म्हणजे तीन दिवस हातचं राखून न ठेवता पूर्ण उपचार करायचे आणि मग बघायचं, शरीर साथ देतंय का.

"गुरुवारी सकाळी नऊला येतो," सर म्हणाले. "एक. तरी. अवयव. सुधारलेला. दाखव."

दुपारी म्हसवडहून टेम्पो भरून पाहुणे आले. कुणाच्या हातात देवाचा गुलाल, कुणाकडे नारळ, एका मावशींकडे झेंडूचा हार. आमच्या भागात आजाऱ्याला भेटायला गेलं नाही तर ते तो बरा झाल्यावरही लक्षात ठेवलं जातं. मी सगळ्यांना कॉरिडॉरमध्ये घेतलं आणि जंतू, पेशी, इन्फेक्शन असं दहा मिनिटं समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग आबांच्या थोरल्या भावांनी विचारलं, "बरं, मंग आत कवा सोडताय?"

पालथ्या घड्यावर पाणी. मी परत पहिल्यापासून सुरू करणार, एवढ्यात आबांची बायको पुढं झाली. बनाबाई. बारीक अंगाची, हिरव्या लुगड्यातली.

"बाई, म्हंजे कोकरू अशक्त आसलं की आमी त्याला कळपातनं येगळं काडतो, तसंच न्हवं?"

"अगदी तसंच."

"मंग वाघर लावा की."

वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं. माझं दहा मिनिटांचं लेक्चर तिनं दोन वाक्यांत संपवलं. आमच्याकडे काचेचं दार असलेली एक वेगळी खोली आहे. तिथं आबांना ठेवलं आणि बनाबाईला सोबत राहायची परवानगी दिली. आमच्या शैला सिस्टरनी तिला हात धुणं, मास्क, गाऊन, ग्लोव्हज सगळं शिकवलं. एकदाच शिकवावं लागलं.

मग त्या दारातून चिलटाची आत जायची बिशाद राहिली नाही. "थोरलं भाऊजी, गुलाल भाईरच ऱ्हाऊ द्या. द्येव काचंतनं बी बगतोय." थोरले भाऊजी मुकाट मागं सरले. मंगळवारी मी घाईत आत शिरत होते तर बनाबाईनं मलाच अडवलं. "बाई, हातातलं घड्याळ." माझ्याच आयसीयूत मी घड्याळ काढून खिशात घातलं. मागं शैला सिस्टर फाइलमध्ये तोंड घालून हसत होत्या.

बुधवारी बीपीच्या औषधाचा डोस निम्म्यावर आला. ऑक्सिजन मात्र तेवढाच लागत होता. मी मनातल्या मनात आबांना पास करून टाकलं होतं. डॉक्टरनं हे कधी करू नये.

गुरुवारी नऊला सर आले. दारातच बनाबाई.

"हात धुवा."

सरांनी आयुष्यात कितीदा हात धुतले असतील! पण गेले बिचारे, धुऊन आले.

"आंगठी काडली न्हाई."

सर परत बेसिनकडे गेले. मी छताकडे बघत राहिले.

आत येऊन त्यांनी चार्ट उघडला. वरून खाली बोट फिरवत आले आणि एका जागी थांबले. मीही वाकून बघितलं. पहाटे तीन ते सकाळी नऊ, लघवी चाळीस मिली.

हे सोपं करून सांगते. आबांच्या वजनाच्या माणसाला सहा तासांत निदान दीडशे मिली तरी लघवी व्हायला हवी. चाळीस म्हणजे किडनी बसली. कुठं लघवीची नळी तुंबली असेल म्हणून मी ती तपासली. मोकळी होती. तिला जोडलेल्या पिशवीच्या तळाला जेमतेम दोन-तीन मोठे चमचे होतं. सकाळच्या रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, थोडं वरच होतं, पण त्याचा फार उपयोग नव्हता. किडनीत आज झालेलं ते उद्या सांगतं.

"किडनी गेली," सर म्हणाले. या वेळी शब्द सुटे नव्हते, उलट आवाज मऊ होता, आणि त्यानं मला जास्त भीती वाटली. "डायलिसिस करायचं तर मानेत जाड नळी घालावी लागेल. प्लेटलेट इतक्या कमी आहेत की रक्त थांबणार नाही. तू ट्रायल प्रामाणिकपणे दिलीस. आता त्यांना वॉर्डात, घरच्यांजवळ ठेवू."

फलटणच्या बाई डोळ्यांसमोर आल्या. सर बरोबर असतील, असं तीन दिवसांत पहिल्यांदाच वाटलं.

सर स्वतः दाराबाहेर बनाबाईकडे गेले, मी मागोमाग. त्यांची ही गोष्ट मला आवडते, वाईट बातमी ते दुसऱ्यावर ढकलत नाहीत.

"बाई, त्यांची लघवी बंद झालीये."

"कुनाची?"

"सिदूआबांची."

"आवं, काय तरीच काय! पिशवी तट फुगली व्हती. मगाशी मीच वतली की मोरीत."

सरांनी चार्ट परत उघडला.

"का ओतलीत?" मी विचारलं.

"तुमीच म्हनला न्हवं, मोठं डाक्टर येनार म्हनून? पाव्हनं यायच्या टायमाला आसली घान समूर ठिवत्यात व्हय? ग्लोज घालूनच वतली," ती म्हणाली, तेवढं तरी चुकलं नाही या खात्रीनं.

इथं माझी चूक सांगून टाकते. आयसीयूत लघवी दर तासाला मोजायची असते. खोलीत सारखी ये-जा नको म्हणून मी ती सहा तासांनी मोजायला सांगितली होती. बनाबाईनं साडेआठला पिशवी ओतली. नऊला सिस्टरनी मोजली ती नंतरच्या अर्ध्या तासाची.

"किती होती?" सरांनी विचारलं.

"सातशे आसंल."

"अशा अंदाजावर मला निर्णय घेता येणार नाही, बाई."

बनाबाईनं मास्कच्या वरून त्यांच्याकडे बघितलं. "आंदाज न्हाई. ईस वर्सं डेरीला दूध घालती मी. डेरीवाला माप मारतोय का, डोळ्यानंच कळतंय."

सर हट्टी आहेत, पण प्रामाणिक हट्टी. ते सिस्टरांच्या खोलीत गेले, एका नव्या पिशवीत मोजून पाणी भरलं आणि ती तिच्यासमोर धरली. बनाबाईनं पिशवी हातात घेऊन जोखली, जरा तिरकी केली.

"पाव लिटर. वर दोन घोट."

सरांनी मोजून भरलेलं पाणी दोनशे ऐंशी मिली होतं. ते परत आत गेले आणि दुसरी पिशवी भरून आणली.

"ही साशेला टेकलीय."

सहाशे दहा. हातच्या कांकणाला आरसा कशाला? सरांनी खिशातून पेन काढलं, चार्टवरचे चाळीस खोडले आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: लघवी सुमारे ७४०. माप: पत्नी. खाली सही केली. असली नोंद मी पंचवीस वर्षांत पाहिली नव्हती.

"ट्रायल चालू," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आणि. दर. तासाला. मोजा."

ते माझ्यासाठी होतं आणि मी ते निमूट घेतलं. दुपारपर्यंत दर तासाला शंभरच्या वर लघवी येत होती. मी वॉशरूममध्ये जाऊन रडले. मग हात धुऊन बाहेर आले.

पुढच्या आठवड्यात रिपोर्टवर पांढऱ्या पेशी दिसू लागल्या. राखणदार परतले. ऑक्सिजनचा मास्क काढला तेव्हा आबा पहिलं वाक्य बोलले, "मेंढरं कोन राकतंय?"

"गप पडा," बनाबाई म्हणाली. "आदी तुमाला राकतीय." आणि पदरानं डोळे पुसले. पदर गाऊनच्या आत होता, तो बाहेर काढायला तिला बराच वेळ लागला.

आबांची पुढची केमो पार पडली. आजार सध्या झोपलाय. तो कायमचा झोपेल असं मी म्हणत नाही, पण तपासणीला ते एसटीनं येतात आणि आल्या आल्या डाळिंबाच्या भावाबद्दल तक्रार करतात. त्या खोलीत आता पाटी आहे: मोजल्याशिवाय ओतू नये. शहाणपण म्हणाल तर एवढंच. नुसतं रोगाचं नाव बघून पेशंटचा निकाल देऊ नये, आणि किडनी गेली म्हणायच्या आधी पिशवी कोणी ओतली ते विचारावं.

गेल्या महिन्यात उंब्रजचे एक गृहस्थ आले. लिंफोमा, म्हणजे हाही रक्ताचाच कॅन्सर, केमोनंतर ताप, बीपी खाली. मी भांडायच्या तयारीनं सरांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"बेड दे," सर म्हणाले. "तीन दिवस. आणि घरात डेरीला दूध घालणारं कोणी आहे का, तेही बघ."