एक खुर्ची कमी

आमच्या कलाकेंद्रात एकशे ऐंशी खुर्च्या आहेत. लोखंडी, निळ्या, घडीच्या. त्यांतल्या कोणत्या कार्यक्रमाला किती मांडायच्या हे एकतीस वर्षं एकाच माणसाने ठरवलं. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण केंद्रात ते कुणी घेत नसे. सगळे त्यांना अंदाजराव म्हणत, कारण त्यांचा अंदाज चुकत नसे. मी त्याच केंद्राच्या तिकीटखिडकीत एकोणीस वर्षं बसते आहे. एवढ्या काळात त्यांचा अंदाज एकदाच चुकलेला मी पाहिला, आणि तोही माझ्यामुळे. सांगून मन हलकं होईल अशी माझी समजूत नाही, पण सांगते.

खुर्च्या मांडण्यात काय एवढं, असं आमच्या कार्यकारिणीतल्या मंडळींना वाटतं. त्यांनी एकदा एखाद्या कवीसमोर शंभर खुर्च्या मांडून चौदा माणसं बसवून बघावीत. दुसऱ्या कवितेपर्यंत त्या माणसाच्या घशाला कोरड पडते. उलट वीसच मांडल्या आणि पन्नास जण आले, तर अर्धा कार्यक्रम खुर्च्या ओढण्याच्या खडखडाटात जातो. अंदाजरावांचा नियम ठरलेला होता. जितके येणार त्याहून एक खुर्ची कमी. मग एकाला मागे भिंतीशी उभं राहावं लागतं, आणि ते स्टेजवरून दिसतं. "कुणीतरी उभा राहून ऐकतोय हे दिसलं ना बाई, की गाणाऱ्याचा गळा खुलतो," ते म्हणायचे. उभं राहणाऱ्याचे पाय दुखतात त्याचं काय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "एकाचेच दुखतात."

हिशेबाची त्यांची रीत अशी. खिडकीशी येऊन किंवा फोन करून कुणी कार्यक्रमाची चौकशी केली, की मी माझ्या पॅडवर पेन्सिलने एक रेघ ओढायची. आदल्या दिवशी दुपारी बाराला अंदाजराव खिडकीशी यायचे. "बाई, किती जणांनी विचारलं?" मी आकडा सांगायची. त्याची तिप्पट हा पाया. मग त्यात बेरीज-वजाबाकी. लहान मुलांचा नाच असला तर प्रत्येक पोरामागे चार माणसं जास्त, नवे कपडे शिवले असतील तर आत्याही येणार. कविसंमेलन असलं तर जितके कवी तितकेच श्रोते, आणि त्यातलाही जो आपलं वाचून झाल्यावर पाणी प्यायला म्हणून उठतो, तो थेट घरी जातो. परीक्षा वजा, पाऊस वजा, टीव्हीवरची मॅच वजा. शेवटी जो आकडा येईल त्यातून एक कमी.

क्वचित एवढं करूनही माणसं कमी पडत. म्हणजे अंदाज चुकला असं नव्हे, ऐन वेळी एखादी बस बंद पडे किंवा कुणाच्या घरी काही होई. त्यावरही त्यांच्याकडे उपाय होता. पहिलं गाणं सुरू झालं की ते कडेच्या अंधारातून मागे जायचे आणि शेवटच्या रांगेपासून रिकाम्या खुर्च्या उचलायला लागायचे. दोन एका काखेत, दोन दुसऱ्या काखेत. पायांना रबर लावलेलं, बिजागऱ्यांना तेल घातलेलं, त्यामुळे आवाज शून्य. स्टेजवरच्या माणसाच्या डोळ्यांवर दिवे असतात, त्याला काही कळत नाही. मध्यंतरात हॉलमधले दिवे लागले की त्याला भरलेला हॉल दिसतो. असे कितीतरी जण आमच्या गावातून खूश होऊन परत गेले आहेत, आणि त्यांच्यापैकी एकालाही अंदाजराव कोण हे माहीत नाही.

त्यांची बायको गेली तेव्हा मुलगी शाळेत होती. ती आमच्या हॉलमध्येच वाढली म्हणायला हरकत नाही. शेवटच्या रांगेत बसून गृहपाठ करायची आणि तालमी बघत तिथेच झोपायची. आता ती मोठ्या शहरात नोकरी करते. आठ तासांचा प्रवास आहे. वर्षातून दोनदा येते, दर रविवारी फोन करते. अंदाजराव छापखान्याच्या वर, तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहायचे. केंद्राला सुट्टी असली तरी हा माणूस दहाच्या ठोक्याला हजर. रिकाम्या हॉलमध्ये बसून एकेका खुर्चीच्या बिजागरीला तेल देत राहायचे. मी म्हटलं, "अहो, आज सुट्टी ना?"

"घरी एकच खुर्ची आहे बाई," ते म्हणाले. "तिच्याकडे बघत किती वेळ बसणार?"

ते हसले म्हणून मीही हसले. हसायला नको होतं, हे मला घरी गेल्यावर कळलं.

ते निवृत्त होणार तेव्हा अध्यक्षांनी त्यांचा निरोपसमारंभ ठरवला. मंगळवारी संध्याकाळी सहाला. मंगळवारी कोण येतं, असं मी म्हणून बघितलं, पण शनिवार-रविवार हॉल भाड्याने गेलेला होता. भेट काय द्यायची यावर कार्यकारिणीने दोन बैठका घेतल्या आणि एक आरामखुर्ची ठरवली. जन्मभर दुसऱ्यांसाठी खुर्च्या मांडल्या, आता स्वतः बसा, अशी त्यामागची कल्पना. अध्यक्ष या कल्पनेवर इतके खूश होते की ती खुर्ची छापखान्याच्या अरुंद जिन्यातून वर कशी जाणार, हे विचारायचं मी टाळलं. चित्रकलेच्या बाईंनी पोस्टर केलं. त्यात निळी खुर्ची होती, माणूस नव्हता.

"माझ्यासाठी कशाला हे सगळं," असं अंदाजराव सगळ्यांना सांगत फिरत होते. पण पोस्टर वाकडं लागलंय या निमित्ताने दिवसातून चार वेळा त्यासमोर उभे राहायचे. एकदा मला म्हणाले, "बाई, स्टेजवर दिवे चालू असताना मी कधी उभा राहिलो नाहीये. झाडायला जातो तेव्हा बंद असतात." आणि मग, "हॉल कसा दिसत असेल हो तिथून, भरलेला?" त्या दिवशी मला कळलं की या माणसाला जन्मात एकदा भरलेला हॉल समोरून बघायचा आहे. बाकी त्याचं काही मागणं नाही.

सोमवार उजाडला. माझ्या पॅडवर एकही रेघ नव्हती. एकाही माणसाने विचारलं नव्हतं. आणि विचारणार तरी कोण? आमच्याकडे प्रेक्षक म्हणजे कलाकाराचे नातेवाईक, आणि या कलाकाराला नातेवाईक एकच होता, आठ तासांवर. बाकी गावाला खुर्चीवर बसायचं माहीत, ती कुणी मांडली हे कशाला माहीत असेल?

बाराला दोन मिनिटं असताना ते अंगणातून खिडकीकडे येताना दिसले. कानाला मोबाइल, चेहरा उजळलेला. शून्य हा शब्द त्या चेहऱ्याला सांगणं मला जमणार नव्हतं. मी पेन्सिल उचलली आणि भराभर रेघा ओढल्या. सगळ्या एकसारख्या दिसू नयेत म्हणून काही दाबून, काही पुसट. त्यांनी मोबाइलवर हात ठेवला आणि विचारलं,

"बाई, किती?"

"बावीस."

"बावीस?" त्यांनी वाकून पॅड बघितलं, बोटाने रेघा मोजल्या. मग भिंतीकडे तोंड करून दोन मिनिटं फोनवर हळू आवाजात बोलत राहिले. मधेच हसलेही. मी पण मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. शहाणी!

त्या संध्याकाळी मी माझ्या परीने खटपट केली. वीस-पंचवीस जणांना फोन केले. नाटकमंडळीतले, गाण्याच्या क्लासातल्या मुलींचे आईवडील, अंदाजरावांनी ज्यांची अब्रू राखली असे दोन कवी. सगळे म्हणाले, "येतो की!" एकोणीस वर्षं खिडकीत बसल्यावर 'येतो की' म्हणजे काय हे मला कळत नाही असं नाही. पण त्या दिवशी मी ते ऐकलं नाही.

मंगळवारी दुपारी ते खुर्च्या मांडायला आले. स्वतःच्या समारंभाच्या खुर्च्या स्वतः मांडू नका, असं अध्यक्षांनी बजावलं होतं, पण ऐकतील तर ना. बावीस त्रिक सहासष्ट, एक कमी, पासष्ट. तेरा-तेराच्या पाच रांगा. दोरी धरून रांगा सरळ केल्या. मी दारात उभी राहून बघत होते. दोन वाजता सांगता आलं असतं, तीनला आलं असतं, अगदी पाचलासुद्धा. मी एवढी फटकळ बाई, एरवी अध्यक्षांनाही तोंडावर बोलते, आणि त्या दिवशी चहाचे कप मोजायला निघून गेले.

सहाला आम्ही मला धरून अकरा जण होतो. झाडलोटीच्या मावशी, वायरमन, गाण्याचे मास्तर, चित्रकलेच्या बाई, अध्यक्षांखेरीज कार्यकारिणीतले चौघे, आणि प्रत्येक कार्यक्रमाला येणारं ते म्हातारं जोडपं, ज्यांना आज काय आहे हे बसल्यावर कळतं. सव्वासहापर्यंत वाट पाहिली. मग अध्यक्षांनी सुरुवात केली.

अंदाजरावांना स्टेजवर त्या आरामखुर्चीत बसवलं होतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हात गुडघ्यांवर. खुर्ची इतकी खोल होती की ते टेकायलाच तयार नव्हते, कडेवर बसले होते. दिवे डोळ्यांवर असले तरी त्यांना कुठे बघायचं ते माहीत होतं. त्यांची नजर एकेका रांगेवरून फिरली. पहिली, दुसरी, आणि मागच्या तीन. ते मोजत होते. मी मान खाली घातली.

अध्यक्ष बोलायला लागले आणि अडखळले. चांगला वक्ता आहे माणूस, पण समोर चोपन्न रिकाम्या खुर्च्या असल्या की भल्याभल्यांची गाडी रुळावरून घसरते. "आमचे, म्हणजे आपल्या सर्वांचे," असं म्हणून त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

तेव्हा अंदाजराव उठले.

कुणाला वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये. पण ते कडेच्या पायऱ्यांवरून खाली उतरले, भिंतीच्या कडेने मागे गेले, आणि शेवटच्या रांगेतली पहिली खुर्ची मिटली. आवाज झाला नाही. दुसरी, तिसरी, चौथी. दोन एका काखेत, दोन दुसऱ्या काखेत. वायरमन त्यांना अडवायला उठला, तर त्यांनी हातानेच बस म्हणून खूण केली आणि स्टेजकडे बोट दाखवलं. बोलणाऱ्याकडे लक्ष द्या, असा त्याचा अर्थ. अध्यक्षही कसले थांबतात, रिकाम्या आरामखुर्चीकडे हात करून बोलत राहिले, "यांच्या सेवेचं मोल..." आणि खरं सांगते, जसजशा रांगा कमी होत गेल्या तसतसा त्यांचा आवाज सुधारत गेला.

मला बसवेना. मी उठले आणि त्यांच्या बरोबरीने खुर्च्या उचलायला लागले. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. पंचावन्न खुर्च्या भिंतीशी लागल्या. मी परत जागेवर आले तर माझी खुर्ची नव्हती. तीही त्यांनी उचलली होती. अकरा माणसं, दहा खुर्च्या. मी मागे भिंतीशी उभी राहिले.

ते पुन्हा स्टेजवर गेले. दोन शब्द बोला म्हटल्यावर माइकपाशी उभे राहिले, कपाळावर हात धरून दिव्यांच्या पलीकडे बघितलं. "मला बोलता येत नाही," ते म्हणाले. "हॉल छान दिसतोय." दहा जणांनी बसून टाळ्या वाजवल्या आणि एकीने उभ्याने.

चहा झाला, माणसं पांगली. आरामखुर्ची जिन्यातून जाणार नाही हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं, म्हणून ती तशीच स्टेजवर राहिली. आम्ही दोघं उरलेल्या दहा खुर्च्या मिटत होतो. शेवटच्या खुर्चीपाशी मी म्हटलं, "अंदाजराव, मला एकाही माणसाने विचारलं नव्हतं. रेघा मी ओढल्या. चुकलं माझं."

त्यांनी खुर्ची मिटली, भिंतीला लावली. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तसं सांगायचंत ना बाई," ते म्हणाले. "मी अकरा धरून दहाच मांडल्या असत्या." मग खिशातून रुमाल काढून हात पुसले. "काल फोनवर मुलगी होती. विचारत होती, कुणी येणार नसेल तर रजा टाकून मी येते बाबा, एकटे बसू नका तिथे. मी म्हटलं, थांब, विचारून सांगतो."

त्यांनी रुमालाची घडी घातली.

"बावीस म्हणालात. मग मी तिला म्हटलं, अगं, हॉल भरतोय, तू कुठे धावपळ करतेस. नाहीतर तिला ये म्हणणार होतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्याची लाज वाटली, कारण रडायची पाळी माझी नव्हती. माफी मागायला तोंड उघडलं तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. तिचाच होता. हॉल इतका रिकामा होता की तिचा आवाज मला लांबून ऐकू आला.

"बाबा, कसा झाला कार्यक्रम? किती माणसं होती?"

त्यांनी मोबाइलवर हात ठेवला नाही. माझ्याकडे बघितलं, पण या वेळी मला काही विचारलं नाही.

"अगं, काय सांगू तुला," ते म्हणाले. "खुर्च्या कमी पडल्या. एक जण तर शेवटपर्यंत उभा होता."