साहेबांचं मशीन आणि सबुरी

माझा धाकटा भाऊ आमच्याच ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. घरात कुणी तावातावाने बोलायला लागलं की "जरा सबुरीनं घ्या" म्हणायची त्याला लहानपणापासून सवय. एकदा मी हे ऑफिसात बोलून गेले आणि तेव्हापासून सगळे त्याला सबुरीच म्हणतात. मी आवक-जावकला बसते, कायम नोकरीत आहे. तो मात्र कित्येक वर्षं हंगामी. दर वर्षी मुदतवाढ मिळते, आणि कायम करायची शिफारस साहेबांच्या हातात. त्यामुळे हा साहेबांपुढे श्वाससुद्धा बेतानं घेतो, आणि मला त्याची मनस्वी चीड येते.

यंदा साहेबांच्या मनानं घेतलं, की ऑफिस उघडायच्या वेळी सगळी मशीनं आपोआप सुरू झालेली असावीत. माणसं वेळेवर येत नाहीत, त्यांचं काही करणं साहेबांना जमलेलं नाही. मशीनं निदान उलटून बोलत नाहीत. हे एवढं काम कर, मग तुझ्या शिफारशीचं बघतो, असं ते सबुरीला म्हणाले.

आता ही वेळ मशीनच्या पार पोटातल्या सेटिंगमध्ये भरावी लागते. प्रत्येक मशीन बंद-चालू करत ती हातानं भरायची म्हणजे जन्म गेला असता. म्हणून सबुरीनं मशीनच्या कंपनीचं एक टूल उतरवून घेतलं. त्याला ना चित्रं, ना बटणं. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची, एंटर मारायचा, की खाली एका ओळीत उत्तर येतं. पेन ड्राइव्ह घेऊन तो टेबलाटेबलावर फिरला. माझ्या मशीननं मुकाट्यानं ऐकलं, हिशेबनिसांच्या खडखडणाऱ्या मशीननंही ऐकलं. अडून बसलं ते फक्त साहेबांचं. पडद्यावर स्वच्छ लिहून आलं, की सेटिंगला पासवर्ड आहे, तो द्या.

तो पासवर्ड कुणी टाकला हे आम्हा भावंडांना चांगलं ठाऊक होतं. मशीन नवं आलं तेव्हा गोपनीयतेच्या नावाखाली साहेबांनीच तो टाकला होता. मी सहीसाठी आत गेले, तर साहेब एका बोटानं टाइप करतायत आणि आमचं ध्यान भिंतीकडे तोंड करून कॅलेंडर वाचत उभं. आणि आता साहेब सांगत होते, की असल्या गोष्टींना ते हातच लावत नाहीत.

"सरळ सांग ना, पासवर्ड तुम्हीच टाकलाय म्हणून," मी म्हटलं.

"त्यांना आठवत नाही, ताई. आणि त्यांना जे आठवत नाही, ते त्यांनी केलेलं नसतं."

झालं. टूलच बिघडलंय असं ठरलं. आमच्याकडे कुठलाही दोष साहेबांच्या टेबलाच्या अलीकडेच थांबतो, ही जुनी शिस्त आहे. लगोलग समिती नेमली गेली. उपसाहेबांनी माउस बदलून पाहायला सांगितलं. त्या काळ्या पडद्याला माउसचं काही सोयरसुतक नाही, तरी बदलला. हिशेबनिसांना मशीन खिडकीपासून लांब हवं होतं, ते सरकवलं. भांडारपालांनी उदार मनानं दुसरा पेन ड्राइव्ह दिला आणि त्यासाठी सबुरीकडून सह्या घेतल्या. टूलची नवी आवृत्ती आली, सगळे अधिकार देऊन ती चालवून झाली. दर वेळी तीच ओळ. समितीतल्या प्रत्येकानं ती वाचली आणि प्रत्येकानं चष्मा पुसला.

शेवटी सबुरीनंच वाट काढली. टूलला या टप्प्यावर सर्वांत वरिष्ठ अधिकाऱ्याचा हात लागतो, असं त्यानं अत्यंत गंभीर चेहऱ्यानं जाहीर केलं. साहेबांनी खुर्चीत बसून मनात येईल तो शब्द टाइप करावा. एवढं बोलून तो जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, थेट त्या कॅलेंडरसमोर. पाठोपाठ समितीही वळली. इतिवृत्त लिहायला मला बोलावलं होतं, तेव्हा मीही वळले. मागे एका बोटाची टकटक ऐकू येत होती. पहिल्यांदा चुकलं. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा टकटक, आणि साहेबांचा विजयी खाकरा.

टूलनं मान्य केलं. साहेबांनी त्याच बैठकीत नवा, आणखी अवघड पासवर्ड टाकला, आम्ही सगळे पुन्हा भिंतीकडे. मग त्यांनी सबुरीच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "कष्टाळू आहेस. पण शेवटी माझा हात लागलाच ना? आणखी एक वर्ष बघू."

घरी मी त्याला वाट्टेल ते बोलले. डोळ्यांत पाणी आलं ते रागानंच आलं. तो खाली मान घालून जेवत राहिला. सबुरीनं घे, असंही म्हणाला नाही.

पुढे थोड्याच दिवसांत ऑफिसची वेळ अर्ध्या तासानं बदलली. सबुरीनं पुन्हा पेन ड्राइव्ह घेतला. सगळी मशीनं झाली, साहेबांचं अडलं. साहेब हसत म्हणाले, "तुझं ते टूल परत बिघडलं वाटतं." उपसाहेब शेजारीच होते, सवयीनं भिंतीकडे वळायलाही लागले.

"टूल ठीक आहे, साहेब," सबुरी म्हणाला. "पासवर्ड तुम्ही विसरलाय. मागच्या वेळीही तेच झालं होतं."

उपसाहेब अर्धवट वळलेले तसेच थांबले. मी सहीचे कागद छातीशी धरून दारात उभी होते. साहेबांनी पडद्यावरची ओळ वाचली, बहुधा पहिल्यांदाच. मग ते सबुरीकडे वळले.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तेव्हा मला कायम व्हायचं होतं," सबुरी म्हणाला, आणि पेन ड्राइव्ह काढून खिशात ठेवला.