बिळातला हात

दोघा भावांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, शेजारी शेजारी दोन खुर्च्या आणि त्यांच्यापुढे एकच रुंद आरसा. आरशाला मधोमध तडा गेला होता. आरसा बदलायला हवा यावर दोघांचं एकमत होतं, बदलायचा कुणी यावर नव्हतं, म्हणून तडा जिथल्या तिथे राहिला आणि त्याच्या एका अंगाला थोरला आणि दुसऱ्या अंगाला धाकटा असे दोघे पन्नाशी ओलांडून गेले. गिऱ्हाइकांना ते पाठ होतं. केस कापायचे असतील तर थोरला, दाढी करायची असेल तर धाकटा.

ही वाटणी बापाने केली होती, आणि तीही खाडीवर. बाप स्वतः न्हावी, तोंडाने फटकळ आणि हाताने लोण्यासारखा. पोरं हाताशी आल्यावर त्याने दोघांना ओहोटीच्या वेळी चिखलात नेलं आणि खेकड्याच्या बिळात हात घालायला लावला. बिळाच्या छताला बोटं टेकवत आत जायचं, खेकड्याची पाठ कुठे आहे ते बोटाच्या पेरांनी ओळखायचं, वरून दाबायचं आणि मागच्या बाजूने धरून बाहेर काढायचा. पाठ सोडून नांगीकडे बोट गेलं की संपलं. थोरला घाई करायला गेला आणि बोंबलत त्याने हात बाहेर ओढला. धाकट्याने मात्र डोळे मिटून हात आत घातला आणि केवढाला खेकडा अलगद काढला. बाप म्हणाला, "याला वस्तरा. त्याला कात्री." थोरल्याने त्यावर कधी कुरकुर केली नाही, निदान ऐकू येईल अशी तरी नाही.

धाकट्याची दाढी करायची पद्धतही त्या बिळातलीच. उजव्या हातातला वस्तरा पुढे जायचा आणि त्याच्या मागोमाग डाव्या हाताचं बोट उलट्या दिशेने फिरायचं. डोळ्याला गुळगुळीत दिसणारा गाल बोटाला खरखरीत लागला की वस्तरा पुन्हा तिथे यायचा. गळ्यावर तर तो बघायचाही नाही. गळ्याला घड्या असतात, कंठाची घाटी वरखाली होते, डोळे फसतात, बोट फसत नाही, असं तो म्हणायचा. गिऱ्हाइकं खुर्चीत बसल्या बसल्या घोरायची.

आणि तेच बोट आता गप्प झालं होतं.

आधी पाय बधिर झाले, तेव्हा त्याने चपलेला दोष दिला. मग बोटांची पेरं गेली, तेव्हा थंडीला दिला. थंडी गेली तरी पेरं काही परत आली नाहीत. शेवटी ब्लेडची पाकिटं आणायला जातो असं सांगून तो एकटाच डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने बोटांना सुई टोचून विचारलं, "कळतंय?" धाकट्याने सुईकडे बघून उत्तर दिलं, "हो." डॉक्टर काही कालचा नव्हता. त्याने डोळे मिटायला सांगितले, आणि मग धाकट्याला हो कधी म्हणायचं तेच कळेना. साखरेने नसा खाल्ल्या होत्या. आता आहे तेवढं सांभाळायचं, गेलेलं परत येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाला.

धाकट्याने घरी येऊन ब्लेडची पाकिटं कपाटात ठेवली आणि तोंड शिवून घेतलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपलं त्याने मनाशी ठरवलं. पण मूठ झाकून दाढी करता येत नाही. एकदा शाळेच्या मास्तरांच्या गळ्यावर वस्तरा रुतला. जखम फार खोल नव्हती. मास्तर भले गृहस्थ, तुरटी लावून घेतली आणि मीच हललो म्हणाले. ते हलले नव्हते. त्या दिवसापासून मात्र थोरला दारातूनच दाढीची गिऱ्हाइकं स्वतःच्या खुर्चीकडे वळवू लागला. "या इकडे, तो जरा कामात आहे." धाकटा हातात झाडू घेऊन उभा आणि म्हणे कामात. म्हातारपणी याला वस्तऱ्याची हाव सुटली, असं धाकट्याला वाटलं आणि ते त्याच्या मनात नासत राहिलं.

बापाच्या मागेही वर्षातून एकदा दुकान बंद ठेवून खाडीवर मुक्कामाला जायचं हे दोन्ही घरांनी चालू ठेवलं होतं. यंदा थोरल्याच्या मुलीने कुठून तरी दोन तंबू भाड्याने आणले. ते उभे करताना थोरला एकदा आतच गुंडाळला गेला आणि वहिनी म्हणाली, "राहू द्या तसेच, निदान घोरणं ऐकू येणार नाही." सगळे हसले. धाकटाही हसला, पण त्याचं लक्ष ओसरणाऱ्या पाण्याकडे होतं. चिखल उघडा पडत होता आणि बिळं दिसायला लागली होती.

"पाठीत लचक भरलीय," तो म्हणाला. "यंदा जाळं टाका."

"काका, जाळ्यातले काय कुणीही पकडेल," पुतणी म्हणाली. "मी मैत्रिणींना सांगून आलेय, माझा काका हाताने काढतो."

"वाकू नका, आडवे पडा," वहिनी म्हणाली. "भावजी, वर्षभर बघतेय मी वाट या रश्शाची."

थोरला दगडावर बसून कांदे चिरत होता.

मग धाकटा आडवा पडला, बाही वर केली आणि हात बिळात घातला. कोपरापर्यंत गेला. चिखलाचा गारवा मनगटापर्यंत कळत होता, पुढे काही नाही. पुढे हात आहे एवढंच माहीत होतं. त्याने जुन्या सवयीने डोळे मिटले, पेरं छताला टेकवली, म्हणजे टेकवली असतील असं धरून चालला, आणि थोडा वेळ तसाच पडून राहिला. मग हात मागे घेत उठला.

"रिकामं आहे," तो म्हणाला.

पुतणी त्याच्या हाताकडे बघत होती. त्याने खाली पाहिलं. मधल्या बोटाला एक भला मोठा खेकडा नांगी रुतवून लोंबकळत होता आणि बोटावरून रक्त चिखलात ठिबकत होतं.

पहिल्यांदा वहिनी हसली, मग पुतणी. "काय नाटकी आहेत भावजी! म्हणे रिकामं." धाकट्याने ती फट लगेच पकडली. "फसलात की नाही?" असं म्हणत त्याने खेकडा दुसऱ्या हाताने सोडवला आणि बादलीत टाकला. थोरल्याची सुरी थांबली होती, ती पुन्हा कांद्यावर चालू लागली. धाकट्याची बायको हसली नव्हती. तिने आपल्या पदराची पट्टी फाडून त्याच्या बोटाला बांधली, आणि गाठ मारताना मुद्दामच आवळली. धाकट्याचा चेहरा जरासुद्धा बदलला नाही. तिने गाठ सैल केली.

बाकीचे खेकडे जाळ्यानेच निघाले. थोरल्याने ते साफ केले, नांग्या दगडाने चेचल्या, आणि वहिनीने कांदा, लसूण, तिखट परतून मोठं पातेलं चुलीवर चढवलं. लाल झालेली कवचं रश्शात वरखाली होऊ लागली तसा वास सगळ्या काठावर पसरला. पुतणीने दोनदा झाकण काढून आईच्या शिव्या खाल्ल्या.

बायको धाकट्याला पाणी आणायच्या निमित्ताने बाजूला घेऊन गेली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"कसलं कधीपासून?"

"सदऱ्याची बटणं लावायला तुम्हाला हल्ली आरसा लागतो. मला वाटलं, म्हातारा नटायला लागलाय." तिने हातातली कळशी खाली ठेवली. "बाहेर कुणी असेल तर बरं, असंसुद्धा मनात आलं माझ्या. आज वाटतंय, तसं असतं तर भांडून तरी मोकळी झाले असते."

त्याने तिला सगळं सांगितलं. सांगताना तो पाण्याकडे बघत होता. "वस्तरा सोडला तर मी कोण?" तो म्हणाला. "दुकानात झाडू मारणारा."

"आणि कुणाचा गळा कापलात तर कोण?"

जेवताना त्याने आपल्या वाटचा खेकडा फोडलाच नाही, नुसता रस्सा पीत राहिला. थोरल्याने काही न विचारता एक नांगी फोडून आतलं मांस त्याच्या ताटात ठेवलं. धाकट्याला ती दया वाटली आणि त्याने ताट बाजूला सारलं.

सकाळी, दर वर्षीप्रमाणे, थोरला उपडी घातलेली बादली पाण्याकाठी घेऊन आला, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि हनुवटी वर करून बसला. मुक्कामातली पहिली दाढी थोरल्याची, हा बापापासूनचा नेम होता.

"कर," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

धाकट्याने फेस लावला. गाल डोळ्यांनी पार पडले, उन्हं स्वच्छ होती. चुलीपाशी त्याची बायको हातात फुंकणी घेऊन तशीच थांबली होती. वस्तरा गळ्याशी आला. घाटी एकदा वर गेली, खाली आली. त्याने पट्टी नसलेलं बोट कातड्यावर टेकवलं आणि वाट पाहिली. बापाचा हात, बिळाचं छत, हजारो गळे, सगळं त्या बोटात होतं आणि बोट मुकं होतं.

त्याने वस्तरा मिटला.

"दादा, मला कळत नाही. बोटांना. काहीच."

"माहीत आहे," थोरला डोळे न उघडता म्हणाला. "मास्तरांपासून माहीत आहे."

"मग बसलास कशाला? वेडा आहेस का?"

"तू सांगावंस म्हणून." थोरल्याने आता डोळे उघडले. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "मी बोललो असतो तर तू वस्तरा आणखी घट्ट धरला असतास. तुला मी ओळखत नाही का? आणि गिऱ्हाइकाचा गळा मी तुला देऊ शकत नव्हतो. माझा देऊ शकत होतो."

"मला वाटलं, तुला हाव सुटली."

"वाटलं असेल. तुझं तोंड कळत होतं आरशात, तड्याच्या पलीकडून."

धाकटा रडला. सगळ्यांदेखत, लपवाछपवी न करता रडला. थोरल्याने टॉवेलने आपला उरलेला फेस पुसला, तो त्याच्या गळ्याभोवती बांधला आणि त्याला बादलीवर बसवलं.

थोरल्याचा हात जड होता, पूर्वीपासूनच होता. दोन फटक्यांतच हनुवटीला लागलं. धाकट्याच्या चेहऱ्याची जाण शाबूत होती, त्याला सगळं कळत होतं, साबणाची चुरचुर, वाऱ्याचा गारवा, भावाच्या बोटांची ऊब.

"लागलं का रे?"

"लागलं. कात्रीसारखा धरू नकोस. आडवा कर. आणि मागनं बोट फिरव, उलटं. दाबू नको, नुसतं टेकव. डोळे मीट."

"डोळे मिटून करू?"

"बोटापुरते मीट."

थोरल्याने डोळे मिटले आणि भावाच्या गालावरून, मग जबड्याखालून, हळूहळू बोट नेलं. गळ्यापाशी ते अडलं.

"इथे राहिलंय थोडं," तो म्हणाला. "खरखरतंय."

"मग घे," धाकटा म्हणाला, आणि त्याने मान वर केली.